डोंबिवली : पुलाच्या दोन्ही बाजूंना

डोंबिवली स्थानकावर उतरताच हे शहर आपल्याला विचारते, पूर्वेला की पश्चिमेला? तरुणाला या प्रश्नाचे काहीच वाटत नाही. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठाला मात्र उत्तर देण्यापूर्वी पुलाच्या पायऱ्या, गर्दी आणि रिक्षाचे भाडे यांचा हिशोब मांडावा लागतो.

पूर्वेला फडके रोडच्या परिसरात श्री गणेश मंदिर आहे. त्याच्या संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. पश्चिमेला महानगरपालिकेचे शास्त्रीनगर रुग्णालय आहे. पालिकेचे दुसरे मोठे रुग्णालय, रुक्मिणीबाई, कल्याणात आहे. पूर्वेच्या ज्येष्ठाला यांपैकी कोठेही जायचे, तर रूळ तरी ओलांडावे लागतात, नाही तर शहर. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसते. ते खरे किती आहे, हे ते चालणाराच सांगू शकतो.

चालणाऱ्याचे हे म्हणणे सेवेच्या आखणीत उतरू शकते, याचा दाखला आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद यांच्या जोडीला ठाणे होते. गावकरी एकत्र बसून आरोग्यसेवेचे प्रगतिपुस्तक भरत. चांगल्या सेवेला हिरवा रंग, मध्यम सेवेला पिवळा, वाईट सेवेला लाल. मग जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर अनुभव मांडले जात आणि उत्तर तेथेच मागितले जाई. त्यातून अनेक ठिकाणी बेकायदा पैसे घेणे थांबले, बाहेरून औषधे आणायला सांगण्याचे प्रमाण घटले. निरक्षर माणसालाही रंग कळत होता, हे या पद्धतीचे मोठे बळ.

वाचकहो, ती ग्रामीण रीत शहरात आणायला अवघड नाही. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या एखाद्या बैठकीत असा तक्ता भरून पाहा. केसपेपरसाठी किती वेळ उभे राहावे लागले? बसायला बाक होता का? तपासणीची खोली कोणत्या मजल्यावर, आणि लिफ्ट चालू होती का? औषधे तेथेच मिळाली का? ‘व्यवस्था वाईट आहे’ या वाक्याला उत्तर देता येत नाही. ‘मंगळवारी दीड तास उभे राहिलो, ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी हवी’ या वाक्याला द्यावेच लागते. जे चांगले अनुभवले, तेही लिहा. त्यामुळे काम करणाऱ्यांचा हुरूप वाढतो. अर्ज प्रभाग कार्यालयात द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या आणि महिन्याने विचारणा करा. खासगी रुग्णालयांनाही २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती वाचून ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे.

आणि काळजीवाहकांनो, तक्ता भरताना आधी घरातल्या ज्येष्ठांना बोलू द्या. आपल्याला उशीर खुपतो. त्यांना कदाचित स्वच्छतागृहातील घसरडी फरशी खुपत असेल. मोडलेल्या खुब्यापेक्षा ती फरशी दुरुस्त करणे केव्हाही सोपे.

पाडव्याला एकत्र येऊन रस्ता फुलवणाऱ्या या शहराला आणखी एका दिवशी आरोग्यासाठी एकत्र येणे जड जाऊ नये.