दहा पावलांच्या आतलं

प्रवासाची दैनंदिनी : मुक्काम खंडाळा, जिल्हा सातारा

२ जानेवारी, पारगाव-खंडाळा

हे खंबाटकीच्या पायथ्याचं खंडाळा, लोणावळ्याशेजारचं नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली माणसं घाट चढायच्या आधी इथे चहा घेतात आणि पुढे जातात. मी मावशीकडे मुक्कामाला आले आहे. उद्या नायगावला सावित्रीबाईंची जयंती आहे, हे एक कारण. दुसरं म्हणजे मावसभावाचा फोटो स्टुडिओ. मी नवा मिररलेस कॅमेरा घेतल्यापासून तो एखाद्या जाणकाराच्या हातात द्यावा आणि खरं काय ते ऐकावं, असं मनात चाललं होतं.

पौष चालू आहे. लग्नं नाहीत, त्यामुळे स्टुडिओ निवांत. पासपोर्ट फोटो, आधार कार्डाचं लॅमिनेशन आणि मधूनच एखादा वाढदिवसाचा बॅनर, एवढंच काम. भावाने कॅमेरा हातात घेऊन पहिलं वजन बघितलं, मग खालचं झाकण उघडून बॅटरी.

"ताई, आरसा काढला म्हणजे नेमकं काय वाचवलं यांनी?"

त्याचा सगळा जन्म डीएसएलआरवर गेलेला. त्यात लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून वर जातो, प्रिझममधून फिरतो आणि डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, ठक् असा आवाज येतो आणि तेवढा क्षण समोरचं काहीच दिसत नाही. मिररलेसमध्ये उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि डोळ्याच्या खिडकीत असतो एक चिमुकला पडदा. पॅनासॉनिकने २००८ साली जी-१ आणला तो या जातीचा पहिला. त्यानंतर वर्षं गेली, पण तालुक्याच्या गावात ही जात आत्ता कुठे दिसायला लागली आहे, कारण सुरुवातीचं मॉडेल किट लेन्ससकट साठ हजारांच्या आसपास मिळायला लागलं.

स्टुडिओच्या काचेच्या कपाटात काकांचा याशिका अजून ठेवलेला आहे. वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्समधून काढायचं, एका रोलवर बारा फोटो. बाराव्यानंतर जपून रोल काढायचा आणि धुऊन येईपर्यंत वाट बघायची. वराचा चेहरा काळवंडला का, हे काकांना चार दिवसांनी कळायचं. भावाला त्याच्या डीएसएलआरवर फोटो काढल्यानंतर कळतं. मला तो काढायच्या आधी कळतं. उजेड कमी-जास्त केला की खिडकीतलं चित्र तिथल्या तिथे काळवंडतं किंवा उजळतं. त्याने पाच मिनिटं ते चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, "शिकाऊ माणसाला बरंय हे." स्वतः शिकाऊ नाही, हे त्यात आलंच.

मग त्याने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पडदा सारखा चालू, म्हणजे बॅटरी सारखी जळणार. सुरुवातीच्या किमतीच्या डीएसएलआरपैकी निकॉनच्या डी-३५०० ला एका चार्जिंगवर दीड हजारांवर फोटोंचा आकडा होता. या वर्गातल्या बहुतेक मिररलेसना तीनशे ते चारशे. एका लग्नात त्याचे अक्षता पडायच्या आधीच तेवढे होतात.

३ जानेवारी, नायगाव

सावित्रीबाई इथल्या, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरच्या. १८३१ साली आजच्या तारखेला जन्म. महामार्ग सोडून आत वळलं की ज्वारीची रानं लागतात आणि मग माणसंच माणसं. शाळांच्या गाड्या, बचतगटाच्या बायका, निळे-पिवळे झेंडे, पुस्तकांच्या हातगाड्या. आणि नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, कपाळावर आडवं कुंकू लावून आलेल्या मुली. पाच-सहा वर्षांच्या सावित्रीबाई. एकीचा काष्टा सुटत होता आणि आई तिला कडेच्या पारावर उभी करून नेसवत होती.

या कॅमेऱ्यांची सगळ्यात मिरवली जाणारी गोष्ट म्हणजे तो माणसाचा डोळा ओळखतो आणि तिथेच फोकस धरतो. खरंच धरतो. मुलगी पळत आली, वळली, हसली, तरी पांढरा चौकोन डोळ्याला चिकटून. गोंधळ झाला तो तिच्या मागे सावित्रीबाईंचा मोठा फलक आल्यावर. चौकोन मुलीवरून उडाला आणि फलकावरच्या डोळ्यावर जाऊन बसला. मुलीवर आणला, परत गेला. यंत्राला चेहरा म्हणजे डोळे-नाक-तोंडाची ठेवण, जिवंत की छापील हे त्याच्या हिशेबात नाही. आज या गावात जिकडे बघावं तिकडे एकच चेहरा, फलकावर, टोप्यांवर, पुस्तकांवर. शेवटी ओळख बंद केली आणि एकच फोकस-बिंदू हाताने मुलीवर ठेवला. जुन्या कॅमेऱ्यात हेच करावं लागायचं.

मंडपात भाषणं चालू होती. इथे मिररलेसची एक सोय मनापासून आवडली. इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की जराही आवाज येत नाही. पहिल्या रांगेपासून हातभर अंतरावर बसून काढत होते, कुणी वळूनही बघितलं नाही. पण फोटो मोठे करून बघितले तर त्यांवर आडवे फिकट-गडद पट्टे. मंडपातल्या एलईडी दिव्यांचा हा प्रसाद. आपल्या विजेवर असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात, डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळतं. शटर एक शतांश सेकंदावर आणलं की पट्टे बरेचसे जातात. बोलणारा हात हलवून बोलत असेल तर त्याचा हात मात्र पुसट येतो. यातलं काय पत्करायचं ते आपण ठरवायचं.

परतताना गावातल्या एका घराच्या दारात एक आजी बसल्या होत्या. बाहेर रणरणतं ऊन, आत काळोख, त्या बरोबर उंबऱ्यावर. विचारून काढला. आधी फोनने, मग कॅमेऱ्याने, मुद्दामच. फोनने आतलं उतरंडीपर्यंत सगळं उजळून दाखवलं आणि आजींचा चेहरा गुळगुळीत करून टाकला. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर साधारण दहा बाय सात मिलिमीटर, याचा तेवीस बाय पंधरा. क्षेत्रफळात पाचपट. एवढा उजेड गोळा होतो, म्हणून फोनसारखी आकडेमोड करून चित्र सावरावं लागत नाही. कॅमेऱ्यातल्या फोटोत घराचं आतलं काळंच राहिलं, थोडा रवाही दिसतो, पण हनुवटीवरचं गोंदण तसंच्या तसं आलं. आजींना दोन्ही दाखवले. त्यांना फोनचा आवडला. "ह्यात मी गोरी दिसते," म्हणाल्या.

४ जानेवारी, लोणंद

माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते ती इथे मुक्कामाला, आणि इथून पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. पण ते आषाढाच्या तोंडावर. जानेवारीत लोणंद म्हणजे कांदा.

बाजार समितीच्या आवारात वक्कलं लावलेली. एकेका शेतकऱ्याचा ढीग, मधून माणूस जाईल एवढी वाट, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढलेली. आडत्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका ढिगाढिगावरून सरकतो, कुणी मूठभर कांदे उचलतो, चोळतो, साल उडते, बोली वाढते, चिठ्ठी फाडली जाते, घोळका पुढच्या ढिगावर. एका ढिगाला मिनिटभरसुद्धा लागत नाही. चार महिन्यांचं पीक तेवढ्यात जातं.

किट लेन्स १६ ते ५० मिलिमीटरची. म्हणजे लांबून काही जवळ ओढता येत नाही, आपणच आत शिरायचं. शिरले. हमाल पाठीवर गोणी घेऊन येतात तेव्हा "ओ, पाय!" म्हणून ओरडतात, बाजूला व्हायला अर्धा सेकंद मिळतो. इथे लहान कॅमेऱ्याचा असा फायदा झाला की कुणी बिचकलं नाही. भाऊ त्याचा जाडजूड कॅमेरा आणि मोठी लेन्स घेऊन कधीतरी आला होता, तर लोकांना वाटलं चॅनेलवाले आले, आणि सगळे एका रांगेत उभे राहिले. मला एवढंच विचारलं, "म्याडम, पेपरात येणार का?" नाही म्हटल्यावर सगळे आपापल्या कामाला लागले.

पांढरी टोपी, पांढरा सदरा, खाली गुलाबी-लाल कांदा, वर अकराचं ऊन. असल्या उजेडात टोपी कोऱ्या कागदासारखी येते, घडी नाही, मळ नाही. खिडकीत एक सोय आहे, जिथे पांढरं करपणार तिथे तिरक्या रेघा सळसळायला लागतात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या टोपीवर रेघा आल्या. मी चाक फिरवत गेले, रेघा विरल्या, टोपीच्या कडेचा घामाचा डाग दिसायला लागला, मग बटण दाबलं. कॅमेऱ्याला साठ हजार दिल्याचं सार्थक कुठे झालं म्हणाल, तर त्या डागापाशी.

फोटो बघायला मागून ते म्हणाले, "दर पडलाय, तो दिसतोय का बघा ह्यात."

दुपारी लेन्स बदलायची होती. भावाने ५५ ते २१० त्याच्या गिऱ्हाइकाकडून उसनी आणली होती. कांद्याची साल हवेत तरंगते, मातीचा फुफाटा वेगळाच. डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तरी सेन्सरपुढे आरसा आणि शटरचा पडदा असतो. स्वस्तातल्या मिररलेसमध्ये सेन्सर उघडाच पडतो, अगदी डोळ्यासमोर. कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, ओढणीच्या आडोशाला बदलली. तरी संध्याकाळी आकाशाच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात एक धूसर ठिपका निघाला. भावाने ब्लोअर मारला, गेला. म्हणाला, ब्लोअर दोनशे रुपयांचा येतो, बॅगेच्या आधी तो घे.

५ जानेवारी, वीर आणि खंबाटकी

पहाटे वीर धरणाच्या फुगवट्यावर. नीरेवरचं हे धरण, थंडीत पाणी ओसरतं तशा गाळाच्या पट्ट्या उघड्या पडतात आणि पाखरं उतरतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. दुर्बिणीतून स्पष्ट दिसले. उसन्या लेन्समधून पांढरट ठिपके. पुण्याहून आलेल्या दोघांकडे हाताएवढ्या लांब लेन्स होत्या. त्या एकेका लेन्सच्या किमतीत माझ्यासारखे तीन-चार कॅमेरे येतील. मी पुढे सरकले तर थवा उठला असता, म्हणून सरकले नाही. कॅमेरा पिशवीत ठेवला आणि भाकरी-ठेचा काढला. गारठ्यात बॅटरीही अर्ध्यावर आली होती. पाखरांसाठी हा कॅमेरा घेऊ नये, आणि कुणाला मोहच झाला तर आधी लेन्सची किंमत विचारावी, मग कॅमेऱ्याची. हा दहा पावलांच्या आतल्या जगाचा कॅमेरा आहे. लोणंदमध्ये ते जग तुडुंब होतं.

संध्याकाळी खंबाटकी. पुण्याकडची वाहनं घाट चढून जातात, साताऱ्याकडून येणारी बोगद्यातून बाहेर पडून सुसाट उतरतात. पुढे ते अपघातांचं 'एस' वळण. शेजारी नव्या जुळ्या बोगद्यांचं काम चालू होतं. रस्त्यापासून लांब, वरच्या अंगाला, बांधावर बसले. खालून जाणारे ट्रक इलेक्ट्रॉनिक शटरने काढले आणि पडद्यावर बघितलं तर सगळे ट्रक तिरपे. चाकं एकीकडे, टप दुसरीकडे. रस्त्याकडेचे खांब मात्र सरळ.

हा दोष लेन्सचा नाही. सेन्सर सगळं चित्र एका दमात वाचत नाही, वर्गात हजेरी घ्यावी तसा वरून एकेक ओळ वाचत खाली येतो. स्वस्त कॅमेऱ्याला शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला सेकंदाचा तिसावा भाग लागला असं धरा. ताशी साठने धावणारा ट्रक तेवढ्यात अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. वरचा टप आधी नोंदला, चाकं नंतर, म्हणून ट्रक वाकलेला. महाग कॅमेऱ्यांत वाचन फार जलद होतं, तिथे हे जाणवत नाही. मेकॅनिकल शटर लावलं आणि ट्रक सरळ झाले. घाट चढणारे, रांगत जाणारे मालट्रक दोन्ही शटरने सरळच आले होते.

वाकलेले फोटो पुसले नाहीत. एका टँकरचा तर इतका झुकलाय की वळणावरचा वेग त्यात सरळ फोटोपेक्षा जास्त कळतो. भावाला दाखवला. त्याला अजिबात पटला नाही. गिऱ्हाईक पैसे परत मागेल म्हणाला.

६ जानेवारी, शिरवळ, संध्याकाळी खंडाळा

शिरवळला सकाळी धावती भेट. १६४८ साली ज्या सुभानमंगळ किल्ल्यासाठी लढाई झाली त्याचे नीरेकाठी जेमतेम अवशेष. जुनी दगडी पाणपोई बघितली. दोन-चार फोटो, चहा, परत.

संध्याकाळी स्टुडिओत निवड. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे चित्र सहा हजार बाय चार हजार ठिपक्यांचं. छपाईला इंचाला तीनशे ठिपके धरले तरी वीस बाय तेरा इंचाची प्रत स्वच्छ निघते. भावाने टोपीवाल्या शेतकऱ्याची आठ बाय बाराची प्रत काढली. लोणंदला माल घेऊन जाणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती ती आडत्याकडे जाईल, आडता पोचवेल. नायगावच्या आजींची त्यांच्या पसंतीची, फोनमधलीच छापली.

मग हिशेबाची गोष्ट. भावाचं म्हणणं, आता लांबची लेन्स घे. माझं म्हणणं, ३५ मिलिमीटरची, एफ १.८ ची घ्यावी. किट लेन्सच्या ५० च्या टोकापेक्षा ती नऊ-दहापट उजेड आत घेते, म्हणजे उंबऱ्यापलीकडची खोलीही साधेल. मावशी मध्येच म्हणाली, "आधी आहे त्याच्याने माझा एक काढ, मग ठरवा." काढला. तिने डोळे मिटले, परत काढला.

उद्या सकाळच्या एसटीने घाट ओलांडून वाई. निघायच्या गडबडीत भावाने हळूच विषय काढला. माघात पारगावात एक हळद आहे, पोरीकडचे म्हणतात की विधी चालू असताना ठक् ठक् आवाज नको.

"तेवढे दोन दिवस ठेवून जाशील का गं?"

दोन बॅटऱ्या तू घ्यायच्या, या अटीवर हो म्हटलं आहे.