न्हा त्रांगचा मुक्काम

न्हा त्रांगला जावयाचे असेल तर फेब्रुवारी ते ऑगस्ट या अवधीत जावे. कारण आपल्याकडे पाऊस परतीच्या वाटेला लागतो नेमक्या त्याच सुमारास व्हिएतनामच्या या किनाऱ्यावर ईशान्येचे वारे पर्जन्य घेऊन येतात, आणि दिवाळीच्या सुटीचा योग साधून तेथे उतरलेल्या मराठी गृहस्थाच्या वाट्याला खिडकीतून दिसणाऱ्या करड्या, खवळलेल्या समुद्रावाचून फारसे काही येत नाही. प्रवेशाचा परवाना घरबसल्या मिळतो. विमान मात्र शहरात न उतरता दक्षिणेस तीसएक किलोमीटरवर काम रान्हला उतरते, सबब वाहनाची तजवीज आधी करावी. नोटांच्या बाबतीतही सावध असावे: वीस हजार डाँगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच, त्यामुळे दिवेलागणीला घाईने पैसे मोजणारा प्रवासी शहाळ्याचे मोल पंचवीसपट देऊन बसण्याचा संभव असतो.

या शहराचा खरा प्रहर पहाटेचा. सूर्य येथे समुद्रातून उगवतो, आणि पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर वाढलेल्या आपल्या दृष्टीला, ज्या क्षितिजाकडे आयुष्यभर निरोपासाठी पाहिले त्याच क्षितिजातून दिवसाचा आरंभ होताना पाहणे काहीसे विपरीत, तरीही मनोहर वाटते. उजाडण्यापूर्वीच वृद्ध स्त्री-पुरुष वाळूवर येऊन व्यायाम करतात, मानेपर्यंतच्या पाण्यात उभे राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वार्ता निवांत बोलतात, आणि ऊन चढू लागताच सारा इतमाम आवरून घरी जातात. त्यानंतर येतो तो पर्यटक. आठ वाजता उठतो, भाजून निघतो आणि शहराला उन्हाबद्दल दोष देतो.

शाकाहारी माणसाने 'चाय' हा शब्द पाठ करावा. तेथे तो चहा नसून शाकाहार होय. अन्यथा निव्वळ भाजीच्या ताटातही माशांचे आंबवलेले पाणी हटकून असते.

परंतु ज्या स्थळासाठी मी या शहराची शिफारस करीन ते वाळूवर नसून काय नदीच्या मुखाजवळच्या टेकडीवर आहे. पो नगर ही चाम लोकांची देवी. त्यांच्या राजांनी तिला भगवती मानून पूजिले आणि आपले शिलालेख संस्कृतात कोरविले. समुद्रमार्गे आलेल्या चाच्यांनी ७७४ साली येथील जुने मंदिर जाळले, तेव्हा सत्यवर्मन् राजाने ७८४ साली ते विटांनी पुन्हा उभारले. पुढे ९१८ साली इंद्रवर्मन् राजाने देवीची सुवर्णमूर्ती स्थापिली, ती ख्मेरांनी लुटून नेली, आणि ९६५ साली तिच्या जागी पाषाणाची मूर्ती आली. राज्ये बुडाली, मुलूख व्हिएतनामी लोकांच्या हाती गेला, परंतु नव्या धन्यांनी जुन्या देवीला पदच्युत केले नाही. वस्त्राभरणांनी मढविलेली ती दशभुजा आज त्यांचीही माता आहे. तोकडी वस्त्रे आणि उघडे गुडघे घेऊन येथे येऊ नये. जोडे दाराशी काढावेत, आणि उदबत्तीच्या धुरात डोळे निवळेपर्यंत थांबावे.

दुसरे स्थळ त्रान फू रस्त्यावर, समुद्रासमोर: पाश्चर संस्था आणि तीतील अलेक्झांडर येर्सां याचे संग्रहालय. हाँगकाँगमध्ये १८९४ साली प्लेगचा जंतू ओळखणारा हा वैद्य. प्लेगवरील सीरम सिद्ध करण्यासाठी त्याने पुढच्याच वर्षी येथे प्रयोगशाळा थाटली, आणि १८९७ साली, म्हणजे पुण्यात रँडचा वध झाला त्याच वर्षी, तो आपले सीरम घेऊन प्लेगग्रस्त मुंबईत आला. त्याला तेथे यश थोडेच लाभले. मुंबईच्या प्लेगची आठवण ज्या घराण्यांत अद्याप सांगितली जाते त्यांनी तरी ही दालने पाहावीतच. कीर्ती आणि पॅरिस दोन्ही दूर सारून तो या कोळ्यांच्या वस्तीत राहिला, दुर्बिणीतून तारे पाहत, रबर आणि कोयनेलाची झाडे लावीत. १९४३ साली येथेच वारला. त्याची समाधी सुमारे वीस किलोमीटरवर सुओइ दाउ येथे आहे, आणि लोक तीवर अजून उदबत्त्या लावतात. तेथे जाण्यासाठी मोटार ठरविताना परतीचे भाडेही आधीच ठरवून घ्यावे.