मुकुट कोण घालतं?

प्राचीन ग्रीकमध्ये एक क्रियापद आहे, स्तेफनो. अर्थ: मी मुकुट घालतो. हा मुकुट म्हणजे राजाचा सोन्याचा नव्हे, पानाफुलांचं कडं. ऑलिंपियात जिंकणाऱ्याला रानऑलिव्हचं मिळायचं, डेल्फीत लॉरेलचं, नेमियात रानसेलरीचं. 'इलियड'मध्ये झ्यूसभोवती सुगंधी ढग वेढून असतो, तिथेही हेच क्रियापद येतं. म्हणजे यात मानापेक्षा वेढणं जुनं असावं, असं मला वाटतं.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना परस्मैपद आणि आत्मनेपद आठवत असेल. ग्रीकमध्येही तसंच आहे. स्तेफनो म्हणजे मी दुसऱ्याला मुकुट घालते. आत्मनेपदी रूप म्हणजे मी स्वतःच घालून घेते. यात मिरवणं नव्हतं. मेजवानीला बसणारा प्रत्येक जण डोक्यावर कडं घालायचा, देवाला बळी देणाराही घालायचा. तिसरं रूप कर्मणी: मला मुकुट घातला जातो.

हे तिसरं मला चांगलंच ओळखीचं. तीन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. प्रत्येक निकालाच्या पीडीएफमध्ये आपलं नाव शोधायचं आणि नसलं की पुढच्या जाहिरातीची वाट बघायची. सगळं कर्मणी.

कर्मणी मुकुटाचं काही खरं नसतं, हे अथेन्सलाही माहीत होतं. इसवी सनपूर्व ३३६ मध्ये क्टेसिफोनने ठराव मांडला की डेमोस्थेनिसला सोन्याचा मुकुट द्यावा. एस्किनीसने त्यावर खटला भरला. निकाल लागला ३३० मध्ये. एस्किनीसला एक पंचमांश मतंही पडली नाहीत; पण एका मुकुटापायी सहा वर्षं गेली.

मला आवडलेली गोष्ट मात्र व्याकरणाच्या तक्त्यात सापडली. वर्तमानकाळात 'मी घालून घेते' आणि 'मला घातला जातो' यांचं रूप एकच: स्तेफनूमाइ. संदर्भाशिवाय फरक कळत नाही. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलताना मात्र रूपं वेगळी होतात: एस्तेफनोसमेन, मी घालून घेतला, एस्तेफनोथेन, मला घातला गेला.

आई फोनवर विचारते, "काय गं, लागलं का नाव कुठे?" अजून नाही, म्हणते मी. रोज सकाळी तासभर ग्रीक वाचते, हे तिला अजून सांगितलेलं नाही. त्याची यादी लागत नाही.