वऱ्हाडांतून वऱ्हाड

‘विवाह’ ह्या शब्दांत ‘वह्’ धातु आहे. म्हणजे वाहून नेणें, प्रवास, हा त्या संस्काराच्या नांवांतच आला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील विवाहसूक्तांत सूर्येचें मन हीच तिची गाडी आणि आकाश हें त्या गाडीचें छत, असें वर्णन आहे. आमची गाडी सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर होती, आणि तिचें छत नगरपर्यंत खडखडत होतें.

गेल्या मार्गशीर्षांत माझ्या कैलासवासी थोरल्या बंधूंच्या नातवाचें लग्न झालें. मुलगी नागपूरची, आम्ही पुण्याचे. अंतर सुमारें ७०० किलोमीटर. परंतु खरा प्रश्न अंतराचा नव्हता, थोरल्या वहिनींचा होता. वय ८४, हृदयाचें दुखणें जुनें. डॉक्टरांनीं नकारार्थी मान हलविली. विमानाचा विषय वहिनींनीं स्वतःच निकालांत काढला. “सगळें वऱ्हाड जमिनीवरून आणि मी तेवढी वरून? भावोजी, मला इतक्यांत वर जायचें नाहीं!” मुलांनीं सुचविलें, “आजी, घरीं बसून मोबाइलवर सगळें दिसेल.” त्या म्हणाल्या, “दिसेल रे. पण अक्षता काय त्या कांचेवर टाकूं?” ह्या प्रश्नास घरांतील एकाही पदवीधरास उत्तर सुचलें नाहीं. अखेर दर दोन तासांनीं उतरून चार पावलें चालण्याच्या अटीवर डॉक्टरांनीं रुकार दिला.

पहांटे चारला निघालों. वहिनींनीं रात्रीं बसून दशम्या करविल्या होत्या. दशमीचें पीठ पाण्याऐवजीं दुधांत भिजवितात, म्हणून सोवळें पाळणाऱ्यांस ती प्रवासांत चाले. आतां सोवळें गेलें, दशमी राहिली; ह्या अदलाबदलींत मला तरी तोटा दिसत नाहीं.

पहिला मोठा मुक्काम प्रवरासंगमास. वहिनींस घाट उतरवेना. सूनबाईंनीं तांब्याभर गोदावरी वर आणली. मला मात्र प्रवरेकडे पाहून अगस्ति आठवले. त्यांचा आश्रम ह्याच नदीच्या कांठीं अकोल्यास होता अशी परंपरा आहे, आणि त्यांची लोपामुद्रा विदर्भाची राजकन्या. दमयंती, इंदुमती, रुक्मिणी याहि तिकडच्याच. तेव्हां सून आणायला विदर्भास जाणारे आम्ही कांहीं पहिले नव्हतों.

छत्रपती संभाजीनगरापुढें समृद्धि महामार्ग लागला. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरांच्या ह्या रस्त्याचा नागपूर–शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजीं. रस्ता इतका सरळ कीं चालकाच्या डोळ्यांस काम उरत नाहीं, आणि पेंग येते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी प्रवासी बस पेटून २५ जण दगावले, तें सगळ्यांच्याच मनांत होतें. उच्चार कोणी केला नाहीं. वहिनी मुद्दाम चालकाच्या मागें बसल्या. त्याचें गांव, मुलींच्या शाळा, बायकोच्या हातचें पिठलें; जांभई दिसली कीं नवा प्रश्न!

बुलढाणा जिल्हा मागें पडला आणि वऱ्हाडांतील तुरीचीं शेतें दोन्ही बाजूंनीं धांवूं लागलीं. (नागपूर वऱ्हाडांत मोडत नाहीं, हें नागपूरकर लगेच बजावतात, पण आमचें वऱ्हाड वऱ्हाड ओलांडल्यावांचून तेथें पोहोंचणार कसें?) कारंजाच्या आसपास वहिनी एकाएकीं बोलायच्या थांबल्या. मान कलली होती. गाडींतलीं गाणीं, हंसणें, सारें बंद झालें. सूनबाईंनीं मनगट हातीं धरलें. पुढील पेट्रोलपंपापर्यंतचीं दहा मिनिटें मला साऱ्या प्रवासाहून लांब वाटलीं. गाडी थांबतांच वहिनींनीं डोळे उघडले. “गप्प कां बसलांत सगळीं? अशानें तो झोंपेल ना!”

जुन्या, वळणावळणाच्या रस्त्यांचा मी अभिमानी आहें; गांवें बाजूस सारणारा हा रस्ता मला आवडत नाहीं. तरी माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळच्या रस्त्यांनीं वहिनी ह्या वयांत नागपुरास पोहोंचल्या नसत्या, हेंहि लिहिलें पाहिजे.

रात्रीं आठाच्या सुमारास मांडवांत पाय ठेवला. दुसऱ्या दिवशीं मंगलाष्टकांच्या वेळीं वहिनींची खुर्ची जरा मागें पडली. पहिली मूठ छायाचित्रकाराच्या डोक्यावर गेली, दुसरी विहीणबाईंच्या पदरांत. तेव्हां धाकट्या मुलानें खुर्ची त्यांच्यासकट उचलून बोहल्यापाशीं नेली, आणि तिसऱ्या मुठींतले तांदूळ नातवाच्या मुंडावळ्यांत अडकले.