भाड्याच्या ड्रेसची बाजू

शाळेच्या गॅदरिंगला ड्रेस भाड्याने आणू नये, घरात असेल ते नेसवावं, हे माझं मत इतकं पक्कं होतं की दर डिसेंबरात मी ते कुणी न विचारताच सांगायचे. पालकसभेत, रिक्षाच्या रांगेत, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. मी वाढले घाटकोपर पूर्वेला, पंतनगरच्या म्हाडा वसाहतीत. गणपतीतल्या आमच्या नाटकांना आईची जुनी लुगडी, पुठ्ठ्यावर चंदेरी कागद चिकटवलेल्या तलवारी आणि काजळाच्या मिशा पुरायच्या. त्यामुळे मुलीच्या एका नाचासाठी साडेतीनशे भाडं, पाचशे डिपॉझिट आणि मेकअपचे शंभर वेगळे, असा निरोप आला की माझं डोकं फिरायचं. तीन मिनिटांचा नाच, आणि त्यातली दोन मिनिटं आपलं पोर मागच्या रांगेत.

यात नुसता कंजूषपणा नव्हता. मला खरंच वाटायचं की भाड्याच्या झगमगाटाने मुलांची कल्पनाशक्ती आळशी होते. त्यासाठी माझ्याकडे भारी दाखलाही होता. रत्नाकर मतकरींनी ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. तिथे वस्त्यांमधली मुलं स्वतः नाटिका रचतात आणि सादर करतात, नेपथ्य-वेशभूषेचा बडेजाव न करता. ‘अलबत्या गलबत्या’सारखं बालनाट्य लिहिणारा माणूस हे करतो, मग आपल्या शाळेला काय धाड भरली आहे, असं मी ऐकवायचे.

पुढे शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीच्या सोडतीत माझी चिठ्ठी निघाली आणि माझ्या मताला बळ आलं. समितीत मी लावून धरलं आणि त्या वर्षी ड्रेसवाला बंद झाला. चौथीचं कोळीनृत्य होतं. बाईंनी यादी पाठवली: काठाचं लुगडं किंवा साडी, जुळतं पोलकं, वेणी, गळ्यात सोनेरी माळ, सजवलेली टोपली. मुलांना चौकड्यांचा रुमाल, बनियन, लाल टोपी. सगळं घरचं, खर्च शून्य. निदान माझ्या हिशेबात.

माझ्याकडे शिलाई मशीन आहे आणि ते चालवणारी सासूही. वल्लभबाग लेनमधल्या एका आईने शिंप्याकडून शिवून घेतलं. त्याने भाड्याच्या दुपटीहून जास्त पैसे घेतले. कुणी ऑनलाइन मागवलं, ते नऊशेला पडलं आणि मापात बसेना. आता ते कुठल्यातरी कपाटात पडून असेल, कारण पुढच्या वर्षी कोळीनृत्य नसतं, शेतकरी नृत्य असतं. ज्यांना यातलं काहीच जमलं नाही त्यांनी विटकी ओढणी कमरेला गुंडाळून पाठवली. पडदा उघडला तेव्हा कुणाच्या घरी काय आहे ते अगदी शेवटच्या रांगेतून दिसत होतं. भाड्याच्या ड्रेसमध्ये सगळ्या कोळिणी एकसारख्या दिसतात, म्हणून मी त्यांना नाकं मुरडत असे. त्या एकसारखेपणाचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

दोन मुली नाचात दिसल्याच नाहीत. तालमी दोघींनी मन लावून केल्या होत्या. बाईंना त्यांनी सांगितलं होतं, “आम्हाला नाच आवडत नाही.” आठ-नऊ वर्षांच्या मुलांना घरातली चणचण बरोबर समजते, आणि आईवडिलांना ओशाळं वाटू नये म्हणून ती आपली आवड नावड म्हणून खपवतात. याआधीही काही मुलं अशी गळायची. तेव्हा मी त्याचं खापर भाड्यावर फोडत असे. आता भाडं नव्हतं, तरी ती गळलीच होती.

त्यांतल्या एकीची आई असल्फ्याच्या टेकडीवर राहते आणि सकाळी सातला घर सोडून पूर्वेला घरकामं करायला येते. फाटकाशी भेटल्यावर मी विषय काढला. ती म्हणाली, “ताई, भाड्याचंच ठेवायला सांगा ना बाईंना. पैसे मी इकडून तिकडून करीन. हे कापा, चिकटवा, टाचा मला नाय होत. घरी जाऊन चूल पेटेस्तो नऊ वाजतात.” तक्रार म्हणून बोलली नव्हती. तिला घाई होती, ती गेली.

‘घरचं’ म्हणजे फुकट, हे माझं गणित दुपारी मोकळ्या असलेल्या बाईचं होतं. माझ्या लहानपणी पंतनगरात आया दुपारी घरी असायच्या, एकमेकींची पोलकी शिवून द्यायच्या, आणि त्या श्रमांचा हिशेब कुणी मांडत नव्हतं. ज्या बाईचा तास विकला जातो, तिला हाच ड्रेस साडेतीनशेहून महाग पडतो. मतकरींचा दाखलाही मग मला तपासून बघावा लागला. त्या मुलांच्या नाटिका त्यांच्याच वस्तीतल्या जगण्यावर असतात. अंगावरचे कपडे हीच तिथे वेशभूषा. आमच्या गॅदरिंगमध्ये मात्र मोठ्यांनी निवडलेल्या गाण्यावर चोवीस मुलांनी एका चालीत डुलायचं असतं. तिथे साधेपणाचा आग्रह धरायचा तर आधी कार्यक्रम बदलायला हवा. तो बदलायला कुणी तयार नव्हतं, मीसुद्धा.

आणि खरं सांगायचं तर मुलांना वेश हवाच असतो. सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘मधुमंजिरी’ने लिटल थिएटरची बालरंगभूमी सुरू केली, ती मुलांचं नाटक म्हणून हातचं राखून नव्हे. ‘अलबत्या गलबत्या’तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण साध्या शर्ट-पँटमध्ये आली असती तर तिला कोण घाबरलं असतं? वेशाच्या पायी कर्ज काढण्याची परंपरा तर आपल्याकडे थोर आहे. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली आणि शालू, दागिने, अत्तरं, नेपथ्य यांच्या खर्चाने कर्जात रुतत गेली. प्रेक्षकांनी त्या थाटावरही जीव टाकलाच ना.

शाळेनेच ड्रेसचं एक कपाट का ठेवू नये, असंही माझ्या मनात आलं होतं. ते ड्रेसवाल्याने हाणून पाडलं. स्टेशनजवळच्या त्याच्या गाळ्यात छतापर्यंत गठ्ठे रचलेले असतात: मावळे, वारकरी, परी, सिंह, भारतमाता. एकेका ड्रेसची वीस नंबरपासून छत्तीसपर्यंतची मापं ठेवावी लागतात, तो म्हणाला. पावसाळ्यात जरी काळी पडते, मखमलीला बुरशी धरते, परत आलेला प्रत्येक ड्रेस धुवावा लागतो, आणि कमरपट्टे तर हरवण्यासाठीच असतात. तोच मावळा डिसेंबरात एका शाळेत, २६ जानेवारीला दुसऱ्या आणि १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला तिसऱ्या शाळेत उभा राहतो, म्हणून भाडं साडेतीनशेवर थांबतं. शाळेच्या कपाटात तो वर्षातून एकदाच बाहेर येणार.

मग राहतं काय? राहते पैसे मागायची पद्धत, आणि तिच्यावरचा माझा राग तसाच आहे. रक्कम कळते कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, मुलाच्या डायरीतून, रोख, बिनपावतीची. कुणी दिले, कुणाचे राहिले हे वर्गात नावं घेऊन वाचलं जातं. राजाचा ड्रेस महाग आणि झाडाचा स्वस्त, त्यामुळे कुणाला काय व्हायचं हेही हळूच ठरून जातं. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांवर आलेल्या मुलांची फी सरकार शाळेला देतं. त्यांनाही डायरीतली हीच चिठ्ठी मिळते. पालिकेच्या शाळेत गणवेश, बूट, दप्तर धरून २७ वस्तू मोफत मिळतात, पण कोळ्याचा रुमाल त्यांत नाही.

वाट मात्र कायद्यात आहे. २०११च्या शुल्क विनियमन अधिनियमाप्रमाणे खासगी शाळेने पुढच्या वर्षाची प्रस्तावित फी वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी कार्यकारी समितीपुढे ठेवायची असते. जूनच्या सहा महिने आधी म्हणजे डिसेंबर. एका खोलीत आम्ही पुढच्या वर्षाच्या फीचे आकडे बघत असतो आणि बाजूच्या वर्गात ड्रेसचे पैसे गोळा होत असतात! गॅदरिंग काही अचानक येणारं संकट नाही, दरवर्षीचं आहे. मग त्याचा खर्च त्या कागदावरच का नसावा? सगळ्यांवर सारखा, भूमिका कुठलीही असो, वर्षभराच्या हप्त्यांत विरलेला. पंचवीस टक्क्यांतल्या मुलांचा वाटा आम्ही बाकीच्यांनी उचलायचा. आणि ड्रेसवाल्याशी सौदा शाळेने एकगठ्ठा करायचा. एकदा मंजूर झालेली फी दोन वर्षं बदलता येत नाही, म्हणून आकडा नीट बघून घालावा लागेल.

मी हे मांडलं तेव्हा समितीतले काही जण हसले. घरचंच नेसवा म्हणणारी हीच ना, असं एकाने बोलूनही दाखवलं. ते मी ऐकून घेतलं. दुसऱ्या एका वडिलांचा प्रश्न जास्त अवघड होता. त्यांचा मुलगा स्टेजवर जातच नाही, गर्दीला घाबरतो. त्याने दुसऱ्यांच्या ड्रेसचे पैसे का भरायचे? प्रयोगशाळेचा खर्चही सगळेच भरतात, असं मी म्हटलं. ते म्हणाले, प्रयोगशाळेत तो जातो. त्यांना मी अजून पटवू शकलेले नाही. पुढची बैठक शनिवारी आहे.