मुक्कामाचा हिशेब

गतवर्षीं इंग्लंडांत नोकरीस असलेल्या चिरंजीवांबरोबर आम्ही उभयतां, मोटारीमागें जोडलेलें फिरतें घर, म्हणजे कॅरव्हॅन, घेऊन फ्रान्समध्यें प्रथमच हिंडलों. कॅले बंदराहून दिजाँपर्यंतचे सुमारें 570 किलोमीटर एका दिवसांत तोडण्याचा बेत नकाशावर मींच आंखला. अंधार पडल्यावर पोंचलों, तों तळाचें फाटक बंद! कित्येक गांवांनीं राखलेले रात्रीचे थांबे स्वयंचलित मोटारगृहांसाठींच असतात. ओढून नेण्याच्या घरास तेथें मज्जाव. अखेर महामार्गालगतच्या विश्रांतिस्थानीं, चोरीच्या धास्तीनें, रात्र जागून काढली. दिवसभर गाडी हांकून चिरंजीव अगदीं गळून गेले होते. "अहो, घर तर पाठीशीं बांधून आणलें, मग घरीं कधीं पोंचायचें?" कुटुंबाच्या या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें.

परतीच्या वेळीं चूक सुधारली. वाटेंत मार्न नदीवरील शालाँ येथें मुक्काम केला. जागा आधींच राखली होती, आणि दुपारीं चारच्या आंत गाडी उभी राहिली. उजेडांतच पाणी भरलें, वीज जोडली, नदीकांठीं फेरीही झाली. नवख्यानें गाडीच्या वेगावरून मजल ठरवूं नये. सायंकाळचा चहा उजेडांत घेतां येईल, इतकेंच अंतर योजावें.