नैनीतालचे मैदान आणि नाले

नैनीताल म्हटले की नौकाविहार, माल रोड आणि थंड हवा एवढेच डोळ्यांपुढे येते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याला कंटाळून तिथे जाणारी आपली किती तरी कुटुंबे तेवढे पाहून परततात. माझ्या मनात मात्र तलावाकाठचे मैदान आणि डोंगरातून उतरणारे नाले घर करून राहिले आहेत.

कुमाऊँच्या डोंगरात सुमारे १,९४० मीटर उंचीवर हा तलाव आहे. लांबी दीड किलोमीटरहून थोडी कमी, खोली जास्तीत जास्त २७ मीटरच्या आसपास. सतीचा नेत्र येथे पडला अशी श्रद्धा असून काठावर नैनादेवीचे मंदिर आहे. १८४१ मध्ये शहाजहानपूरचा बॅरन नावाचा साखरेचा व्यापारी येथे आला आणि मग हळूहळू बंगले, रस्ते, बाजार उभे राहिले.

डोंगर मुळातच ठिसूळ. १८ सप्टेंबर १८८० रोजी मुसळधार पावसानंतर 'शेर का डांडा' या डोंगराची दरड कोसळली. १५१ माणसे गेली, देवीचे जुने मंदिरही गेले. ढिगाऱ्याने तलावाचा काही भाग बुजला आणि काठची सपाट जागा वाढली. तिलाच 'फ्लॅट्स' म्हणतात. तिथे मुले क्रिकेट खेळत होती, मी बराच वेळ पाहत उभा होतो. आपण कशावर उभे आहोत हे कळल्यावर टाळी वाजवायला हात उचलेना.

त्या आपत्तीनंतर उतारांवर दगडी नाल्यांचे जाळे बांधले गेले. पाणी डोंगरात मुरून माती सैल होऊ नये, ते थेट तलावात उतरावे, हा हेतू. नाल्यांनी डोंगर सांभाळला. पण शहर वाढले तसे तेच नाले गाळ आणि कचराही तलावात आणू लागले. खोल पाण्यातला प्राणवायू इतका घटला की २००७ पासून यंत्रांनी तळाशी हवा सोडावी लागली.

वरच्या अंगाला सुखाताल आहे. पावसाळ्यात ते भरते, पाणी जमिनीत झिरपते आणि झऱ्यांवाटे खालच्या तलावाला मिळते. कोरड्या दिवसांत ती जागा रिकामी दिसते, म्हणून तिथे बांधकामे झाली, राडारोडा पडला. २०१६ आणि २०१७ च्या उन्हाळ्यांत मोठ्या तलावाची पातळी फार खाली गेली. नैनीतालकर याच तलावाचे पाणी पितात, हे पर्यटकांच्या गावीही नसते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या नळालाही सांक नदीवरच्या तिघरा धरणाचे पाणी येते. सहलीला तिथे गेलात तर भिंतीवर उभे राहून फोटो जरूर काढा; पण एकदा मागे वळून पाणी येते त्या दिशेलाही पाहा. कोणते ओढे तिकडे उतरतात, त्यांच्या वाटेत काय टाकलेले आहे, कोणती जागा 'रिकामी' म्हणून बुजवली जात आहे, हे वहीत टिपून आणा. वर्गात त्यावर बोलू.